आम्लात पेटणारे, आम्लात विझणारे रंग

बी. फार्म.च्या विद्यार्थ्याला फ्लुओरिमीटरवर पहिला प्रयोग बहुधा क्विनीन सल्फेटचा मिळतो. विरल सल्फ्युरिक आम्लात क्विनीन विरघळवायचं, ३५० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण त्यावर सोडायचे आणि ४५० नॅनोमीटरला बाहेर पडणारा निळा प्रकाश मोजायचा. पुढच्या प्रयोगात त्याच द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घालून तो प्रकाश मंदावताना पाहायचा. जर्नल पूर्ण होतं, सही मिळते. पण आम्ल सल्फ्युरिकच का, शेजारच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक का चालत नाही, हे सहसा कोणी विचारत नाही.

विचारायला हवं. सेंद्रिय रंगद्रव्यांचे रेणू आम्लात जास्त प्रकाश देतात की कमी, या प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षं काम चाललेलं आहे आणि त्याचं एका शब्दात उत्तर नाही. काही रंग आम्लात पेटतात, काही विझतात, काही रंगच बदलतात. एकच रंग एका आम्लात झळाळतो आणि तितक्याच आंबट दुसऱ्या आम्लात काळवंडतो. एवढ्या पसाऱ्याला सूत्र आहे का? आहे, पण ते सामूच्या, म्हणजे पीएचच्या, आकड्यात सापडत नाही. प्रोटॉन रेणूवर कुठे बसतो, कधी बसतो आणि त्याच्यासोबत आम्लातून दुसरं काय येतं, हे पाहिल्यावरच ते हाती लागतं.

सुरुवात क्विनीनपासूनच झाली. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी टार्टरिक आम्लात विरघळवलेल्या क्विनीन सल्फेटच्या द्रावणावर, प्रकाश ज्या बाजूने आत शिरतो त्या पृष्ठभागालगत, आकाशी निळी झाक पाहिली. ही पृष्ठभागाची काही करामत असावी असं त्यांना वाटलं. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये त्याचा छडा लावला. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि क्विनीनच्या द्रावणाची नळी त्या पट्ट्यातून तांबड्या टोकाकडून जांभळ्याकडे सरकवत नेली. तांबड्यात, पिवळ्यात, हिरव्यात काहीच घडलं नाही. जांभळ्याच्या कडेला नळी उजळू लागली आणि जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसत होता, त्या पट्ट्यापलीकडच्या जागेत ती निळी पेटली. न दिसणारे किरण आत जात होते आणि दिसणारा प्रकाश बाहेर येत होता. स्टोक्स यांनीच या घटनेला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. मराठीत आपण तिला अनुदीप्ती म्हणतो.

क्विनीनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत. एक क्विन्युक्लिडीन नावाच्या पिंजऱ्यासारख्या भागात, दुसरा क्विनोलीनच्या सपाट जोडकड्यात. पहिला सहज प्रोटॉन घेतो, दुसऱ्याला बऱ्यापैकी आंबट द्रावण लागतं. दोन्ही जागा भरल्या की रेणूवर दोन धन प्रभार येतात आणि मगच तो ४५० नॅनोमीटरचा दमदार निळा प्रकाश देतो. अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्लात क्विनीनने १०० फोटॉन शोषले तर सुमारे ५५ प्रकाश होऊन बाहेर येतात. हा आकडा इतक्या वेळा आणि इतक्या काटेकोरपणे मोजला गेला आहे की अनेक नव्या रंगद्रव्यांची कार्यक्षमता आजही त्याच्याशी ताडून ठरवली जाते.

आता हायड्रोक्लोरिक आम्ल. प्रोटॉन तेही देतं, पण त्याच्यासोबत क्लोराइड आयन येतो. उत्तेजित क्विनीन सुमारे २० नॅनोसेकंद त्या अवस्थेत राहतं. रेणूंच्या हिशेबात हा ऐसपैस वेळ आहे. फ्लुओरेसीन जेमतेम चार नॅनोसेकंदांत मोकळं होतं. त्या २० नॅनोसेकंदांत क्लोराइड येऊन धडकला तर इलेक्ट्रॉनची ओढाताण होते आणि प्रकाश व्हायची ती ऊर्जा उष्णतेत विरून जाते. सल्फेट किंवा परक्लोरेट आयन हा उपद्रव करत नाहीत. क्लोराइडमुळे क्विनीनचा प्रकाश नाहीसा होतो, याची नोंद खुद्द स्टोक्स यांनी केलेली आहे. धडकेने विझण्याचा गणिती नियम मात्र १९१९ मध्ये ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी मांडला. हे घरीही पाहता येतं. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं आणि सायट्रिक आम्लामुळे ते आंबटही असतं. अंधाऱ्या खोलीत ग्लासवर नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चचा झोत टाकला की पाणी निळं दिसतं. चमचाभर मीठ ढवळलं की तो निळेपणा ओसरतो. आंबटपणा जवळपास तितकाच राहतो, प्रकाश जातो. टॉर्चच्या झोतात डोळे घालायचे नाहीत, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

फ्लुओरेसीनचा स्वभाव क्विनीनच्या अगदी उलट आहे. अडॉल्फ फॉन बेयर यांनी १८७१ मध्ये थॅलिक अनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल यांपासून हे रंगद्रव्य बनवलं. अल्कलीत त्याच्या रेणूवर दोन ऋण प्रभार असतात आणि त्या रूपात १०० पैकी ९० हून अधिक फोटॉन पिवळसर हिरवा प्रकाश होऊन बाहेर पडतात. सामू साधारण साडेसहाच्या खाली गेला की एक प्रोटॉन चिकटतो आणि हे प्रमाण ३७ च्या घरात येतं. आणखी आंबट केलं की रेणूचा प्रभार संपतो, आणि अशा प्रभारहीन रेणूंतले बरेचसे स्वतःभोवती एक कडं मिटवून रंगहीन, प्रकाशहीन होऊन बसतात.

या स्वभावाचा लाभ १८७७ मध्ये जर्मनीत झाला. इमेंडिंगनजवळ डॅन्यूब नदीचं पाणी चुनखडीच्या खडकांत गडप होतं. ते जातं कुठे, यावरून जुना वाद होता. तिथे १० किलो फ्लुओरेसीन ओतण्यात आलं आणि सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख नदीचा झरा हिरवा झळकला. डॅन्यूबचं पाणी आख नदीमार्गे ऱ्हाइनच्या खोऱ्यात जात होतं. या गोष्टीत चुनखडीचं श्रेय सहसा कोणी सांगत नाही. चुनखडीतलं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, त्यामुळे रंग पूर्ण ताकदीने चमकला. गंधकाच्या खनिजांमुळे आंबट झालेल्या खाणीच्या पाण्यात तेच १० किलो फ्लुओरेसीन बरंचसं नजरेआड राहिलं असतं. म्हणून भूजलाचा माग काढणारे लोक आंबट पाण्यासाठी ऱ्होडामाइन गटातले रंग पसंत करतात आणि फ्लुओरेसीन वापरलंच, तर नमुना आधी अल्कलीने सावरून मग मोजतात.

इथवरचा हिशेब स्थिर रेणूंचा होता. प्रोटॉन आधी बसला, मग प्रकाश पडला. खरी गंमत उत्तेजित अवस्थेत आहे. या आढाव्यात सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भागही तोच आहे.

१९३१ मध्ये कार्ल वेबर यांच्या लक्षात आलं की काही रंगद्रव्यांच्या शोषणाचा रंग एका सामूला बदलतो आणि उत्सर्जनाचा रंग भलत्याच सामूला. दोन्ही एकाच रेणूचे गुण, मग सामू दोन कसे? १९४९-५० च्या सुमारास थिओडोर फॉर्स्टर यांनी खुलासा केला. प्रकाश शोषला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि त्याबरोबर त्याची आम्लताही बदलते. उत्तेजित रेणू हे त्या काही नॅनोसेकंदांपुरतं वेगळंच रसायन असतं. २-नॅप्थॉलचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. एरवी त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो सामू साडेनऊच्या आसपास असतो. उत्तेजित अवस्थेत तोच सामू २.८ पर्यंत उतरतो. म्हणजे प्रकाश पडताच त्याची आम्लता सुमारे ५० लाख पटींनी वाढते. साध्या पाण्यात २-नॅप्थॉल प्रोटॉनसकट प्रकाश शोषतं, पण ते परत खाली येण्याआधीच बऱ्याच रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो. त्यामुळे ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील उत्सर्जनाशेजारी ४२० नॅनोमीटरचा निळसर जांभळा पट्टाही दिसतो. शोषणाचा आलेख सांगतो की इथे ऋण प्रभाराचा रेणू नाही. उत्सर्जनाचा आलेख सांगतो की आहे. दोन्ही खरं बोलतात.

अक्रिडीन याच्या उलट वागतं. त्याच्या नायट्रोजनची प्रोटॉन धरण्याची ओढ उत्तेजित अवस्थेत कित्येक पटींनी वाढते. एरवी त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो सामू साडेपाचच्या आसपास असतो; उत्तेजित अवस्थेत तो दहाच्या वर चढतो. आंबट द्रावणात त्याचं धन रूप हिरवट प्रकाश देतं. फ्लुओरेसीन पुरतं आम्लात टाकलं तरी तसाच एक चकवा अनुभवाला येतो. शोषण धन रूपाचं असतं, पण आम्ल फार तीव्र नसेल तर उत्तेजित रेणू प्रोटॉन फेकून देतो आणि प्रकाश येतो तो ऋण रूपासारखा. केवळ उत्सर्जनाचा आलेख बघून द्रावणात कोणता रेणू आहे हे ठरवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

४-मिथाइलअंबेलिफेरोन या कुमारिन वर्गातल्या रंगाने तर लेझरवाल्यांनाही चकित केलं. आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये त्याचं प्रभारहीन रूप जांभळ्याकडे झुकणारा प्रकाश देतं, तर उत्तेजित अवस्थेत प्रोटॉन मिळवलेलं रूप हिरव्या-पिवळ्याकडचा. दोन्ही रूपं एकाच द्रावणात नांदतात. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत या एका रंगापासून सुमारे ३९० ते ५६५ नॅनोमीटर इतक्या रुंद पट्ट्यात हवी ती तरंगलांबी निवडता येईल असा लेझर चालवून दाखवण्यात आला. आम्ल नसतं तर त्या रंगाला एवढा पल्ला मिळाला नसता.

हाच रंग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उलट्या कारणाने महत्त्वाचा आहे. गोशे, टे-सॅक्स यांसारख्या आनुवंशिक आजारांत पेशीतल्या लायसोसोमचं एखादं विकर काम करत नाही. ते तपासायला ४-मिथाइलअंबेलिफेरोनला साखरेचा रेणू जोडून विकरापुढे ठेवतात. विकर काम करत असेल तर साखर तुटते आणि रंग मोकळा होतो. ही विकरं आंबटात, साडेचार-पाच सामूच्या आसपासच, काम करतात आणि त्या सामूला मोकळा झालेला रंग नेहमीच्या मोजणीत जवळपास मुका असतो. म्हणून ठरलेल्या वेळी नळीत अल्कधर्मी बफर ओततात. त्याने दोन गोष्टी साधतात. विकराचं काम थांबतं आणि रंग निळा पेटतो. अल्कली घालायला विसरलं तर निरोगी बाळाचा नमुनाही आजारी दिसेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रज्ञ निसर्गाने दिलेल्या रंगांवर थांबले नाहीत. आम्लात पेटणारे रेणू ते हवे तसे घडवू लागले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले मूळचे श्रीलंकेचे ए. प्रसन्ना डिसिल्वा यांचं नाव यात अग्रभागी घ्यायला हवं. कल्पना देखणी आहे. अँथ्रासीनसारख्या चमकणाऱ्या भागाला एका आखूड साखळीने अमाइन जोडायचं. अमाइनच्या नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. अँथ्रासीन उत्तेजित झालं की त्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन त्याच्याकडे उडी मारतो आणि प्रकाश मरतो. आम्लात मात्र ती जोडी प्रोटॉनशी बांधली जाते, उडी मारायला इलेक्ट्रॉन मोकळा राहत नाही आणि रेणू उजळतो. साखळी आणि अमाइन बदलून तो कोणत्या सामूला उजळावा हे ठरवता येतं. १९९३ मध्ये डिसिल्वा आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉन आणि सोडियम आयन दोन्ही हजर असतील तरच चमकणारा रेणू बनवला. रेणूच्या पातळीवरचं ते एक तर्कद्वार, म्हणजे लॉजिक गेट, होतं.

ऱ्होडामाइनच्या काही घडवलेल्या रूपांत वेगळी युक्ती वापरतात. तिथे रेणू एक कडं मिटवून बसतो आणि रंगहीन असतो; आम्ल ते कडं उघडतं, गुलाबी रंग येतो आणि नारिंगी-तांबडा प्रकाशही. फ्लुओरेसीन आम्लात मिटतं आणि हे रेणू आम्लात उघडतात. बांधणीत थोडा फेर आणि वागणुकीत पूर्ण उलथापालथ.

अशा रेणूंचा खरा कस जिवंत पेशीत लागतो. पेशीच्या रसाचा सामू सातच्या थोडा वर, तर लायसोसोमच्या आत तो साडेचार-पाच. बाहेर विझलेला आणि आत पेटणारा रंग असेल तर पेशीने कोणती गोष्ट गिळली हे थेट दिसतं. २००९ मध्ये यासुतेरू उरानो, हिसाताका कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी असा एक रंग स्तनांच्या कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाला जोडला आणि उंदरांमधल्या गाठींवर वापरला. कर्कपेशी प्रतिपिंड गिळतात, ते लायसोसोममध्ये जातं आणि तिथल्या आंबटात रंग पेटतो. पेशी मेली की लायसोसोमची आम्लता टिकत नाही आणि रंग पुन्हा विझतो. त्यामुळे जिवंत कर्कपेशी तेवढ्या चमकतात. आम्लतेवर चालणाऱ्या रंगांच्या वापरात याहून नेमका वापर क्वचितच सापडेल.

तीव्र आम्लांचा प्रांत निराळा आहे. तिथे प्रोटॉनची देवघेव होतेच, शिवाय रेणू मोडून नवे तयार होतात. कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्वतः रंगहीन, पण अल्कोहोल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात त्यापासून हिरवट चमकणारी रूपं बनतात. डी. मॅटिंगली यांनी १९६२ मध्ये यावर रक्तातल्या कॉर्टिसॉलच्या मोजणीची पद्धत बसवली आणि ती बरीच वर्षं वापरात होती. आम्ल मिसळल्यावर ठरलेल्या मिनिटालाच वाचन घ्यावं लागे, कारण चमक वेळेनुसार बदलत राही. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णांचे आकडे फसवे येत, कारण त्या औषधापासूनही आम्लात चमकणारे पदार्थ बनत. प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या आल्यावर ही पद्धत मागे पडली, ते योग्यच झालं.

समुद्रशास्त्रज्ञांनी मात्र आम्लाने होणारी ही मोडतोड मोठ्या हुशारीने कामाला लावली. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समुद्राच्या पाण्यातलं हरितद्रव्य मोजणं हे रोजचं काम आहे. पाणी काचतंतूंच्या बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणी ९० टक्के ॲसिटोनमध्ये थंड आणि अंधाऱ्या जागी भिजत ठेवायची, मग अर्काचा तांबडा प्रकाश मोजायचा. पारंपरिक पद्धतीत त्यानंतर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून पुन्हा मोजतात. आम्ल हरितद्रव्याच्या मध्यातला मॅग्नेशियम काढून घेतं, फिओफायटिन तयार होतं आणि ताज्या हरितद्रव्याचं वाचन जवळपास निम्म्यावर येतं. वनस्पतिप्लवक आधीच मेलेलं असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात फारसा फरक पडत नाही. दोन वाचनांच्या गुणोत्तरातून जिवंत किती आणि कुजलेलं किती याचा अंदाज मिळतो. हरितद्रव्य-ब जास्त असलं की या पद्धतीत चूक शिरते, म्हणून १९९४ नंतर अनेक प्रयोगशाळा अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून आम्लाशिवायच मोजू लागल्या.

मुंबईतलं एक काम या विषयात आवर्जून सांगण्याजोगं आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी न्यूट्रल रेड या रंगावर २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की कुकुरबिट्युरिल नावाच्या पोकळ रेणूत हा रंग शिरला की त्याचा प्रोटॉन सोडण्याचा बिंदू ६.८ वरून ८.८ च्या आसपास चढतो. कुकुरबिट्युरिलच्या तोंडाशी ऑक्सिजनचे अणू रांगेने असतात आणि ते धन प्रभाराच्या रूपाला आधार देतात. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत मात्र तोच बिंदू खाली उतरतो. म्हणजे बाटलीतलं द्रावण उदासीन, तरी पिंजऱ्यातल्या रंगाला आपण आम्लात असल्यासारखं वाटतं. मोजपट्टीवरचा सामू आणि रेणूच्या वाट्याला आलेला सामू यांत केवढं अंतर पडू शकतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणं अवघड आहे.

या साऱ्यामुळे प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांतल्या एका सवयीवर बोट ठेवणं भाग आहे. नवा रंग बनवला जातो, त्याची चमक सामू २ ते १२ पर्यंत मोजली जाते, सुबक वक्र काढला जातो आणि आम्ल कोणतं होतं ते एका शब्दानेही येत नाही. कधी अल्कोहोलमिश्रित पाण्यात काचेच्या इलेक्ट्रोडने दाखवलेला आकडा जसाच्या तसा सामू म्हणून छापला जातो. कधी आम्लात शोषणाचा पट्टा सरकतो, उद्दीपनाची तरंगलांबी मात्र तीच ठेवली जाते. मग कमी प्रकाश शोषला गेला म्हणून घसरलेलं उत्सर्जन विझण्याच्या खात्यात जमा होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं क्विनीनचं प्रमाणद्रव्य ०.१०५ मोलर परक्लोरिक आम्लात वापरायचं असतं; आम्लाचं नाव आणि तीव्रता तिथे वगळलेली नाही. इथल्या विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून रंगद्रव्यांवर काम करणाऱ्यांनी निदान एवढं करावं: आम्लाचं नाव, त्याची तीव्रता, तापमान आणि उद्दीपनाची तरंगलांबी आलेखाखाली लिहावी, आणि त्याच सामूला दुसरं एखादं आम्ल घेऊन एक मोजणी जास्तीची करावी. त्याला एक दुपार लागते.